हंगाम सरल्यावर हरणांच्या रानात हिंडणं : 'स्काउटिंग'ला मराठीत काय म्हणावं?

दूरदेशी_सातारकर :
एका शब्दावरून आमच्या घरी घोटाळा झालाय, तो इथे मांडते. आम्ही पेनसिल्व्हेनियाच्या मधल्या डोंगराळ भागात राहतो. शेजारचे आजोबा जन्मभर हरणांची शिकार करत आलेत. यंदा फेब्रुवारीत ते माझ्या तेरा वर्षांच्या मुलाला सरकारी शिकाररानात घेऊन गेले. बंदूक नाही, बाण नाही, नुसतं चालायचं आणि बघायचं. इथला हरणांचा हंगाम जानेवारीत संपतो. मग झाडांना पालवी फुटायच्या आत ही मंडळी रानभर हिंडतात. गेल्या हंगामात हरणं कुठून गेली, कुठे बसली, नरांनी शिंगं कुठे घासली, हे सगळं बघून ठेवतात. याला म्हणायचं 'पोस्ट-सीझन स्काउटिंग'.

मुलाने मराठी शाळेच्या निबंधात लिहिलं, 'मी आजोबांबरोबर स्काउटिंगला गेलो.' फोनवर साताऱ्याला वाचून दाखवलं. माझे बाबा खूश. "वा, बालवीर झालास! गणवेश शिवला का?"

मी 'टेहळणी' सुचवला. शाळेतल्या बाईंना चालतोय, मला चालत नाहीये, आणि का ते नीट सांगता येत नाही.

बुरुजावरचा :
सांगतो का ते. टेहळणी बुरूज डोळ्यापुढे आणा. टेहळ्या उंचावर एका जागी उभा असतो आणि जो यायचाय त्याची वाट बघतो. तुमचा मुलगा चालतोय, खाली वाकून बघतोय, आणि जो यायचा तो येऊन गेलेला आहे. हंगाम सुरू व्हायच्या आधी, ऑगस्टमध्ये दुर्बीण घेऊन संध्याकाळी शेताच्या कडेला कोण चरायला येतंय ते बघतात, ती टेहळणी. फेब्रुवारीतली नव्हे.

क्राइमबीट :
आमच्याकडे यासाठी रोजचा शब्द आहे, रेकी. 'चोरट्यांनी आठवडाभर बंगल्याची रेकी केली.' इंग्रजीतूनच आलाय, पण आता इतका मराठी झालाय की विभक्तीचे प्रत्यय मुकाट्याने घेतो.

दूरदेशी_सातारकर :
'आजोबांबरोबर रेकीला गेलो' असं लिहिलं तर बाई आम्हाला पोलिसात देतील.

निवृत्त_तलाठी :
घटना घडून गेल्यावर जागेवर जायचं, खुणा बघायच्या, चतुःसीमा लिहायच्या, पंच म्हणून एक अल्पवयीन मुलगा. ताई, हा पंचनामा आहे!

गंमत सोडा. 'पाहणी' का नको? पीकपाहणी असते, नुकसानीची पाहणी असते. ती नंतरच होते, आणि पायी हिंडूनच व्हायला हवी (जीपमधून होते तो भाग वेगळा).

बुरुजावरचा :
पाहणीत शोधणं येत नाही, काका. पीक कुठे आहे ते तुम्हाला सातबाऱ्यावर आधीच ठाऊक असतं. हरणाचा सातबारा कुठला?

निवृत्त_तलाठी :
सातबारा नसेल, पण वहिवाट असते. हरणांच्या पिढ्यान् पिढ्या ज्या वाटेने जातात तिला 'वहिवाट'च म्हणा. हा शब्द कोर्टात अडकून पडलाय, जरा मोकळा वारा लागू दे त्याला.

जुनी_पोथी :
मंडळी, शब्द घरातच आहे. 'माग'.

संस्कृतात 'मृग' म्हणजे आधी कुठलंही रानटी जनावर. म्हणून सिंह मृगेंद्र होतो, माकड शाखामृग होतं, आणि कुठल्याही जनावराची शिकार ती मृगया. हरणापुरता अर्थ नंतर आवळला गेला. गंमत म्हणजे इंग्रजीतल्या 'डियर'चंही तसंच झालं. जुन्या इंग्रजीत तो शब्द कोणत्याही जनावराला चाले, जर्मनमधला 'टिअर' आजही तसाच आहे. दोन्ही भाषांत 'जनावर' म्हणता म्हणता शेवटी हरीणच हाती राहिलं. शिकाऱ्यांना सगळ्यात जास्त कोण हवं असतं, ते भाषेने असं उघड केलं.

आता 'मार्ग'. आज आपण राष्ट्रीय महामार्ग म्हणतो, पण संस्कृत कोशात मार्ग शब्दाचा एक अर्थ आहे जंगली जनावराचा माग, त्याची वाट. शोध हाही अर्थ आहे. त्या मार्गाचा मराठीत झाला माग. मग माग काढणे, मागावर असणे, मागमूस नसणे. (हातमाग, यंत्रमाग यांचं घराणं निराळं, त्यांना यात ओढू नका.)

आणि मागोवा. हा शब्द आता पार संपादकीय झालाय. डिसेंबर आला की 'सरत्या वर्षाचा मागोवा'. म्हणजे मागे वळून घेतलेला आढावा. पण मुळात मागोवा म्हणजेही माग, खूण. ताई, तुमच्या मुलाने केलं काय? सरलेल्या हंगामाचा आढावा घेतला, आणि तो शब्दशः खुरांच्या खुणांवरून घेतला. दोन्ही अर्थ एकाच जागी. वर्तमानपत्रात जाऊन बसलेला शब्द रानात परत आला म्हणायचा.

दूरदेशी_सातारकर :
अंगावर काटा आला. मग 'हरणांचा मागोवा काढला' असं लिहू?

जुनी_पोथी :
माग काढतात, मागोवा घेतात. क्रियापदांची अदलाबदल करू नका, कानाला खटकते. आणि एक फरक ध्यानात ठेवा. माग काढला म्हणजे त्या हरणापर्यंत पोचायचं आहे असा अर्थ होतो. जखमी जनावराचा माग काढतात. फेब्रुवारीत हरणापर्यंत पोचायचंच नाहीये. म्हणून मागोवा.

मोहफूल_गोंदिया :
मी नागझिऱ्याच्या बाजूची. माग ताजा असतो नाही तर शिळा असतो, हे आमच्याकडे लहान पोरही सांगतं. लेंडी ओली-चकाकती असेल तर ताजा, वाळून फिकी पडली असेल तर शिळा. ही जी चर्चा आहे ती सगळी शिळ्या मागाची. पण मला एक कळत नाही. शिळ्या मागाचा उपयोग काय? हरीण नोव्हेंबरात तिथून गेलं असेल, पुढच्या नोव्हेंबरात का जाईल?

आणि कृपा करून हरणाच्या पावलांना कुणी 'पगमार्क' म्हणू नका. पग म्हणजे पाऊल, पण तो शब्द वाघ-बिबट्यासाठी रुळलाय. हरणाचे खूर उमटतात.

दूरदेशी_सातारकर :
हाच प्रश्न मुलाने आजोबांना विचारला होता. त्यांनी जे सांगितलं ते लिहिते, म्हणजे बाकीचे शब्दही मागता येतील.

इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण नोव्हेंबरात माजावर येतं. त्या आधीपासून नर ठरावीक झाडांवर कपाळ आणि शिंगं घासतात. सालीचा पापुद्रा निघतो, आतलं पांढरं लाकूड उघडं पडतं, आणि कपाळावरच्या ग्रंथींचा वास झाडाला लागतो. एकीकडे एखाद्या खालच्या फांदीखाली जमीन खुरांनी उकरतात, त्यात मुततात, वरची फांदी चाटतात, तिच्यावर तोंड घासतात. हा त्यांचा निरोपांचा फळा. झाडं तीच, डोंगराची सोंड तीच, वारा वाहायच्या दिशा त्याच, म्हणून मेलेल्या नराच्या जागी दुसरा नर येऊन तीच जागा धरतो. शिळा माग असा उपयोगी पडतो.

आणि हिवाळ्यात पानं नसतात, त्यामुळे उन्हाळ्यात न दिसणारी वाट पन्नास पावलांवरून दिसते. शिवाय पुढचा हंगाम अजून कित्येक महिने दूर. आत्ता हरणं बुजली तरी तोवर विसरतात. ऑक्टोबरात तेच केलं तर त्या जागेवर पुन्हा फिरकत नाहीत.

मोहफूल_गोंदिया :
'बुजणे' बरोबर वापरलात. आता तुमचे शब्द.

घासलेल्या झाडाला आम्ही 'सोलवटलेलं झाड' म्हणू. चितळ-सांबरही असंच करतात. नाम हवं तर 'घासण'.

उकरलेल्या जागेला 'उकर' पुरे. कोंबडी उकरते, कुत्रं उकरतं, हरीणही उकरतं. फार सजवू नका.

बुरुजावरचा :
घासणऐवजी 'घसट' घ्या. 'या नराची त्या झाडाशी फार घसट आहे.'

मोहफूल_गोंदिया :
😄 निबंधात नको, इथेच राहू दे.

दूरदेशी_सातारकर :
अजून दोन. हरीण जिथे बसून रवंथ करतं त्या जागेला इंग्रजीत सरळ 'बेड' म्हणतात. बर्फात अंगाच्या उबेने लांबट गोल खळगा पडलेला असतो. मोठा नर बहुतेकदा सोंडेच्या टोकाशी, वारा पाठीकडून येईल असा बसतो. मागचं नाकाने कळतं, पुढचं डोळ्याने दिसतं. मुलाने लिहिलंय 'हरणाचा पलंग'.

निवृत्त_तलाठी :
गोठण? दुपारी गुरं एकत्र बसतात ती जागा.

मोहफूल_गोंदिया :
गोठण कळपाची, आणि माणसाच्या राखणीतली. एकट्या नराला शोभत नाही. 'बसण' म्हणा. पण मुलाचा पलंग मला आवडला, बाईंनी खोडू नये.

दूरदेशी_सातारकर :
दुसरा शब्द म्हणजे गळलेलं शिंग. इथे हिवाळ्यात नरांची शिंगं गळतात आणि लोक ती गोळा करायला खास हिंडतात. मुलाला एक सापडलं, चार टोकांचं. उशाशी घेऊन झोपतो.

जुनी_पोथी :
साप कात टाकतो तसं हरीण शिंगं टाकतं. 'टाकलेलं शिंग' म्हणा. मराठीची अडचण इथे खरी आहे. म्हशीचं तेही शिंग आणि सांबराचं तेही शिंग. एक आत हाड आणि वर पोकळ आवरण असलेलं, जन्मभराचं. दुसरं भरीव, फांद्यांचं, दरवर्षी गळून नवं येणारं. काही मराठी लेखक हरणांचे सारंग आणि कुरंग असे दोन गट करतात. शिंगं गळणारे चितळ, सांबर, भेकर हे सारंग. न गळणारे काळवीट, चिंकारा हे कुरंग. म्हणजे प्राण्यांना वेगळी नावं दिली, शिंगाला द्यायची राहिली.

कोल्हापुरी_रस्सा :
आजीच्या डब्यात सांबरशिंगाचा तुकडा असायचा. सहाणेवर उगाळून छातीला लेप. पोराला सर्दी झाली की तो वास घरभर.

कायदा_पाहून_बोला :
तो तुकडा आता डब्यात ठेवणंही महागात पडेल. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. आपल्याकडे जंगलात पडलेलं शिंगसुद्धा सरकारी मालमत्ता, उचलायचं नाही. आणि एकूणच शिकारीचे शब्द मुलांना कशाला शिकवायचे?

दूरदेशी_सातारकर :
पेनसिल्व्हेनियात पडलेलं शिंग उचलायला परवानगी आहे, विचारूनच उचललं. सगळ्या राज्यांत असं नाही. कोलोरॅडोच्या पश्चिमेकडच्या सार्वजनिक जमिनींवर १ जानेवारी ते ३० एप्रिल शिंगं गोळा करायला बंदी असते. उपाशी हरणांना थंडीत पळवलं तर ती शक्ती गमावून मरतात.

शिकारीबद्दल. इथे १९०० च्या आसपास हरणं जवळपास संपली होती. १८९५ मध्ये राज्याचं शिकार मंडळ निघालं, बाहेरून हरणं आणून सोडली, आणि आता उलट तक्रार आहे की लांडगे नसल्याने हरणं रानातली कोवळी रोपं उरू देत नाहीत. सरकारी शिकाररान सुमारे १५ लाख एकर आहे, आणि त्याचा बराच खर्च परवान्यांच्या फीमधून आणि बंदुका-काडतुसांवरच्या केंद्रीय करातून निघतो. १९३७ चा कायदा आहे तो. मी स्वतः मांस खात नाही. पण मुलगा जे बघून आला ते त्याला मराठीत सांगता यावं एवढंच मला हवंय.

कोल्हापुरी_रस्सा :
'शिकाररान' हा शब्द छान. आमच्याकडे संस्थानचा शिकारखाना होता. चित्ते पाळायचे, काळविटांवर सोडायचे, त्यांना सांभाळणारे ते चित्तेवान. दाजीपूर हे महाराजांचं शिकारीचं रान, १९५८ मध्ये अभयारण्य झालं. पण ते राजाचं रान होतं, सगळ्यांचं नव्हे. सगळ्यांच्या शिकाररानाला आपल्याकडे शब्द नाही, कारण ती गोष्टच नव्हती. गायरान होतं, ते गुरांसाठी.

आणि सावध, नुसतं 'रान बघायला गेलो' लिहाल तर आमच्या भागात लोक विचारतील, ऊस किती आलाय?

दूरदेशी_सातारकर :
'सगळ्यांचं' यातच मुख्य भानगड आहे. खासगी जमिनीवर तुम्ही एकटे. इथे हंगामाच्या पहिल्या शनिवारी गाड्यांचा तळ भरलेला असतो. त्यामुळे आजोबा हरणांइतकाच माणसांचाही मागोवा घेतात. बुटांच्या मळलेल्या वाटा कुठवर जातात, झाडांवर जुनी मचाणं कुठे आहेत, रंगीत फिती कुठे बांधल्यात. जिथे माणसांच्या खुणा संपतात आणि काटेरी गुलाबाचं जाळं किंवा चिखल सुरू होतो, तिथे ते नकाशावर खूण करतात. थोरलं हरीण तिथेच. मुलाच्या शर्टाच्या बाह्या फाटून आल्या, ते त्यातूनच.

जुनी_पोथी :
ताई, परतताना अंधार झाला असेल तर मुलाला एक दाखवायचं. फेब्रुवारीत संध्याकाळी आकाशात मृग नक्षत्र असतं. आपण त्यात हरीण बघतो, पोटात तीन ताऱ्यांचा बाण, आणि मागावर व्याध. पाश्चात्त्यांना त्याच ताऱ्यांत शिकारी दिसतो, ओरायन.

दूरदेशी_सातारकर :
काल दाखवलं. अंगणातून स्वच्छ दिसलं. शेजारचे आजोबाही आले. तीन तारे म्हणजे शिकाऱ्याच्या कमरेचा पट्टा नसून बाण आहे हे ऐकल्यावर ते बराच वेळ मान वर करून उभे होते. मग म्हणाले, नेम जरा मागे गेलाय, हे हरीण लांब जाईल.

निबंधाचं पहिलं वाक्य आता असं आहे : 'हंगाम सरल्यावर मी आजोबांबरोबर शिकाररानात हरणांचा मागोवा घ्यायला गेलो.' बाबांनी फोनवर ऐकलं आणि विचारलं, "सापडलं का हरीण?" म्हणजे मागोवा आणि माग यांतला फरक साताऱ्यातही समजावून सांगावा लागणार.

एक शब्द राहिलाच. ती चाटायची फांदी. मुलाने स्वतःच 'चाटफांदी' लिहिलंय. ठेवू?

मोहफूल_गोंदिया :
ठेवा. आमच्याकडे खारट मातीच्या जागेला चाटण म्हणतात, जनावरं येऊन चाटतात म्हणून. चाटफांदी तिचीच धाकटी बहीण.