फाहींनी हे १९५९ सालीच केले होते

केवळ गिटारवादनाचा अल्बम मोठ्या रेकॉर्ड कंपनीविना काढणे इंटरनेटमुळेच शक्य झाले, हे मत पटत नाही. अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या टाकोमा पार्क येथे वाढलेल्या गिटारवादक जॉन फाही यांनी १९५९ साली गावाच्याच नावावरून ‘टाकोमा’ हे लेबल (म्हणजे ध्वनिमुद्रिका काढणारी स्वतःचीच छोटी संस्था) काढून आपल्या पहिल्या अल्बमच्या जेमतेम १०० प्रती तयार करवून घेतल्या आणि मुखपृष्ठाच्या एका बाजूस स्वतःचे, तर दुसऱ्या बाजूस ‘ब्लाइंड जो डेथ’ या काल्पनिक ब्लूज (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची संगीतशैली) वादकाचे नाव छापले (खोडसाळपणाच तो!). खर्जाच्या तारांवर अंगठ्याने ठेका धरून इतर बोटांनी वर सुरावट वाजवण्याची, एरवी गाण्याच्या साथीला असणारी ब्लूजची पद्धत येथे पूर्ण मैफल पेलते. १९६४ आणि १९६७ साली त्यांनी यातील रचना पुन्हा ध्वनिमुद्रित केल्या; १९६७ची आवृत्ती मला अधिक सफाईदार वाटते, तरी मूळचा खडबडीतपणा तीत उरलेला नाही.