मिशनरीच्या सागवानी घराचं वारसामूल्य कसं ठरवायचं?

नवापूर_पट्टा
नवापूर तालुक्यात मिशनच्या आवारात 'पहिल्या साहेबाचं घर' म्हणून एक इमारत उभी आहे. सागाचे खांब, पाच खण, आतल्या भिंती कुडाच्या (काटक्या विणून मातीने लिंपलेल्या), वर मंगलोरी कौलं, तिन्ही बाजूंनी पडवी. दोन खांब बुडाशी ठोकले की पोकळ वाजतात. काही विश्वस्त म्हणतात, पाडून हॉल बांधू. काहींना हेरिटेजचा दर्जा हवाय. कौलांवर 1865 असा ठसा आहे, म्हणून घर त्या सालचं मानतात. परदेशात मिशनऱ्यांची ओंडक्यांची घरं जपतात, तेवढं मोल याला आहे का? सुरुवात कुठून करायची?

जोतं_ते_आढं
आधी ते 1865 बाजूला ठेवा भाऊ. बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला ते ते साल, आणि पुढे कित्येक दशकं तोच आकडा कौलांवर छापला जात होता. नवापूर-नंदुरबार पट्ट्यात स्कँडिनेव्हियन मिशनांचं काम उभं राहिलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. शिवाय छप्पर नंतरही शाकारलेलं असू शकतं. कौलावरून घराचं वय ठरत नाही.

वय लाकडात शोधा. माळ्यावर चढून तुळयांची वरची बाजू बघा, तिथे रंधा सहसा फिरवत नाहीत. वाकसाने (सुताराचं लाकूड तासायचं हत्यार) तासल्याच्या उथळ खळग्या दिसतात की हातकरवतीच्या सरळ, थोड्या वेड्यावाकड्या रेघा? कमानीसारख्या गोल रेघा असतील तर ते लाकूड यंत्राच्या चकती-करवतीवर चिरलेलं आहे. तुळईला रिकामी खाच असेल तर ती दुसऱ्या घरातून आलेली असू शकते. सोबत ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घरांच्या कर आकारणीची नोंद), सिटी सर्व्हे झाला असेल तर मालमत्ता पत्रक, मिशनचे वार्षिक अहवाल आणि जुने फोटो जमवा. फोटोत पडवीचे खांब मोजले तरी कोणता भाग नंतर वाढवला ते कळतं.

ओंडक्यांच्या घराशी तुलना मात्र जुळत नाही. तिथे आडवे ओंडके एकावर एक रचून कोपऱ्यात खाचांनी अडकवतात, भिंतच भार घेते. आपल्याकडे भार खांब-तुळयांवर, कूड नुसता आडोसा. बांधणीने जवळचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतल्या आयडाहोमधलं कॅटाल्डोचं मिशन चर्च बघा. 1850 ते 1853 मध्ये जेझुइट पाद्री आणि कोर द'अलेन आदिवासींनी मिळून ते उभारलं. खिळे न वापरता लाकडी सांगाडा, आणि भिंतीत काटक्या, गवत, माती. म्हणजे कूडच की! ते मोलाचं ठरलं ते पाद्र्यांच्या नावामुळे जितकं, तितकंच बांधणाऱ्यांच्या हातांमुळे.

म्हणून तुमच्या घराचं टिपण 'साहेब कोण होता' एवढ्यावर संपवू नका. साग कोणत्या रानातून आला, कूड कोणी विणला, शाळा-दवाखाना त्या पडवीत चालायचा का, हे मावची बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडून त्यांच्याच बोलीत रेकॉर्ड करा. धर्मांतराबद्दलची नाराजी कोणी बोलून दाखवली तर तीही तशीच नोंदवा, तोही या घराचा इतिहास आहे. वारसामूल्य ठरवण्याचे ऐतिहासिक, सौंदर्याचे, वैज्ञानिक आणि सामाजिक हे निकष बुरा चार्टर या ऑस्ट्रेलियातल्या 1979 च्या वारसा-जतनाच्या सनदेत आहेत. या घराचं पारडं सामाजिक बाजूला सगळ्यात जड आहे, असं माझं मत.

सुतारमेट
खांबांचं सांगतो. सागाचा गाभा वाळवी सहसा धरत नाही, बाहेरचा पांढरा थर मात्र खाते. पोकळ आवाज आला म्हणजे खांब गेला असं नाही. पटाशीचं टोक दाबून बघा, किती आत जातं ते. बुडाशी सिमेंटचा गिलावा किंवा कोबा आहे का? असेल तर दुखणं तिथेच आहे. ओल बाहेर पडत नाही, आणि लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. सिमेंट हलक्या हाताने फोडा, तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, उघडा करा, भोवतीची भर काढून पाणी बाहेर वळवा.

बूड खरंच गेलं असेल तर पूर्ण खांब बदलू नका. दोन्ही बाजूंनी तुळईला टेकू द्या, कुजका भाग चांगल्या लाकडापर्यंत कापा, जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडा. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या तिप्पट, म्हणजे 6 इंची खांबाला 18 इंच. खुंट्या सागाच्याच. ग्राइंडर अजिबात फिरवू नका, वाकसाच्या खुणा एका दुपारीत जातात. ऑइल पेंटही नको.

नवापूर_पट्टा
कौलं फार फुटलीत. तात्पुरते पत्रे टाकले तर?

सुतारमेट
नको. चौरस मीटरला साधारण 15 कौलं बसतात, त्यांच्या वजनानेच छप्पर दबून राहतं. हलक्या पत्र्याखाली वावटळीत वासे उचकटतात. पाडलेल्या घरांची जुनी कौलं मिळतात, ठसा आणि माप जुळवून घ्या. तोवर जाड ताडपत्री, पण आढ्याशी हवा खेळती ठेवून.

जोतं_ते_आढं
कायद्याचं राहिलं. शंभर वर्षं झाली म्हणून घर आपोआप संरक्षित होत नाही. राज्य संरक्षित स्मारकाची अधिसूचना प्राचीन स्मारकांबद्दलच्या 1960 च्या महाराष्ट्र अधिनियमाखाली निघते, प्रस्ताव पुरातत्त्व संचालनालयाकडे जातो. पण साध्या घराला तो दर्जा मिळणं अवघड, त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. नवापूर अनुसूचित क्षेत्रात येतो, तेव्हा ग्रामसभेचा ठराव आधी घ्या. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याने, सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे.

जागा नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाची असेल तर विक्रीला महाराष्ट्राच्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हॉलसाठी बिल्डरला जागा द्यायचा विचार असेल तर हे विश्वस्तांना आजच सांगा. आणि कोणी एक कौल हलवायच्या आधी प्रत्येक खांबाला क्रमांक देऊन 1:50 चा नकाशा काढून घ्या.