मदत हवी आहे: नसबंदीनंतर १७ व्या आठवड्यातही वीर्यात शुक्राणू

बिनटाक्याची पुरुष नसबंदी. दोन्ही शुक्रवाहिन्या कापून टोकं जाळली, टोकं पुन्हा जुळू नयेत म्हणून मध्ये भोवतालच्या आवरणाचा पदरही घातला. १३ व्या आठवड्यात, २५ वेळा वीर्यपतन झाल्यावर, मिलिलिटरला २ लाख शुक्राणू, सगळे अचल. १७ व्या आठवड्यात दीड लाख, तेही अचल. नसबंदी यशस्वी मानायला ते १ लाखाच्या आत असायला हवेत. पण दुसरा नमुना साडेतीन तासांनी तपासला गेला. तेवढ्यात हलणारेही थंडावतात, म्हणून त्या ‘अचल’वर माझा भरवसा नाही. निरोध चालूच आहे. सूज, ताप, दुखणं काही नाही.

कापाच्या पुढे अडकलेले जुने शुक्राणूच अजून बाहेर पडताहेत, की टोकं पुन्हा जुळली? नवा नमुना दोन तासांच्या आत तपासला, तर त्या एका रिपोर्टवर हे ठरेल का, की ६ महिने होईपर्यंत दर महिन्याला तपासत राहावं?