मरणपंथाला लागलेल्या माणसाच्या सेवेवर सरकारने खर्च करावा का?

कोकणकन्या: मागच्या वर्षी आत्या गेली, तोंडाचा कॅन्सर. "आता घरी न्या" म्हणून डिस्चार्ज दिला आणि पुढचे सात आठवडे कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. जखमेचं ड्रेसिंग वहिनी यूट्यूब बघून शिकली, रात्रभर आत्याचं कण्हणं, आणि दुखणं थांबवणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्यांसाठी भाऊ दर पंधरा दिवसांनी एसटीने मुंबईला, कारण आमच्या तालुक्यात एकाही मेडिकलात मिळेना. गोळी महाग नाही हो, मिळतच नाही! 2014 ला अमली पदार्थांचा कायदा बदलून मॉर्फिनच्या परवान्यांची कटकट कमी केली तरी ही गत. केरळात 2008 पासून अशा पेशंटचं दुखणं कमी करायच्या सेवेचं (पॅलिएटिव्ह केअर) धोरण आहे, ग्रामपंचायतीच्या पैशातून नर्स घरी येते. आपण महाराष्ट्रानेही 2012 ला धोरण केलं, पण आमच्या दारात कोणी आलं नाही. प्रत्येक आरोग्य केंद्रात यासाठी एक नर्स हवीच.

माणदेशी: ताई, वाईट वाटलं वाचून, पण पटत नाही. आमच्या केंद्रात साप चावला तर इंजेक्शन असेल याची खात्री नाही. जो वाचू शकतो त्याच्यावर आधी पैसा घाला ना. बांद्र्याचं शांती आवेदना सदन शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटना 1986 पासून फुकट सेवा देतंय, पुण्यात वारज्याचं सिप्ला या औषध कंपनीचं तसंच सेंटर पण फुकट. दानावर चाललंय तर चालू द्या, आणि आजाऱ्याचं करायला घरची माणसं असतातच की.

कोकणकन्या: बांद्रा आणि वारजे, दोन्ही शहरात. त्या अवस्थेत तिला गाडीत घालून कुठवर नेणार होतो? आणि घरची माणसं म्हणजे वहिनीच, दोन महिने काजू फॅक्टरीचं काम बुडलं तिचं.

सिस्टर_नाईट_ड्युटी: कॅन्सर वॉर्डात 11 वर्षं काढलीत. माणसं शेवटच्या महिन्यातच कंगाल होतात, आयसीयूत, मंगळसूत्र मोडून, आणि पेशंट नळ्या लावलेला जातो. अॅडमिट असेल तर विमा मिळतो, घरी नर्स ठेवली तर बहुतेक पॉलिसीत एक रुपया नाही. मॉर्फिनचं म्हणाल तर एक ट्रेनिंग घेतलेला डॉक्टर असला आणि हॉस्पिटलने मान्यता घेतली की साठा ठेवता येतो, पण अर्ज कोण करतो? अजून एक, ही सेवा शेवटच्या दिवसांचीच नसते, दुखतंय तर उपचार चालू असतानाच द्यायची असते.

लालबागकर: घरी नर्स, घरी नर्स काय लावलंय. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा जण, बाबा कॉटवर आणि पोरगी तिथेच दहावीचा अभ्यास करत होती. नर्स तासभर येऊन जाईल, नंतरचे तेवीस तास? मुंबईत खाटाच पाहिजेत, महापालिकेने प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलात वेगळा वॉर्ड काढावा.

माणदेशी: सिस्टर, गोळ्यांचं पटलं. ग्रामीण रुग्णालयाने मान्यता घेऊन साठा ठेवावा, त्याला फार पैसा लागत नाही. पण नवीन नर्स म्हणाल तर आमच्याकडे रात्री बाळंतपणाला कोणी नसतं, आधी ती जागा भरा.

कोकणकन्या: दोन्ही जागा भरा म्हणा की दादा.