मदत हवी आहे: किडनीच्या कॅन्सरमध्ये जीवनमानाचा फॉर्म चक्राच्या कुठल्या दिवशी भरावा?

नमस्कार. कॅन्सरच्या पेशंटची घरी काळजी घेतलेलं किंवा नर्सिंग-वैद्यकीय क्षेत्रातलं कुणी असेल तर कृपया वेळ काढून वाचा.

माझे वडील, अण्णा, वय ६८. सोलापुरातच राहतो, त्यांची सगळी नोकरी चादरीच्या कारखान्यात झाली. किडनीचा कॅन्सर. डावी किडनी काढली, पण आता फुफ्फुसांत गाठी आहेत. आजार आटोक्यात ठेवायचा, पूर्ण जाणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. इम्युनोथेरपीचा खर्च झेपणारा नव्हता म्हणून सुनिटिनिब चालू आहे: चार आठवडे रोज गोळी, मग दोन आठवडे सुट्टी, असं सहा आठवड्यांचं एक चक्र.

नवं चक्र सुरू करण्याआधी तपासणीला गेलो की रक्त, बीपी वगैरे झाल्यावर एक मराठी फॉर्म देतात, क्यूएलक्यू-सी३०. तीस प्रश्न आहेत. लांब चालताना त्रास होतो का, थकवा, झोप, भूक, जुलाब, मन उदास असतं का, आजारपणामुळे पैशाची ओढाताण होते का. उत्तरं १ ते ४ मध्ये, १ म्हणजे अजिबात नाही, ४ म्हणजे खूपच. शेवटचे दोन प्रश्न १ ते ७ मध्ये, त्यात एकूण तब्येत आणि एकूण जीवनमान कसं होतं ते सांगायचं, इथे ७ म्हणजे उत्तम. गाठ किती मिलिमीटर आहे याच्या पलीकडे माणूस कसा जगतोय हे कुणीतरी विचारतंय, याचं मला मनापासून बरं वाटतं. म्हणूनच हा फॉर्म नीट भरला जावा असं वाटतं.

अडचण अशी की सुरुवातीचे काही सोडले तर सगळे प्रश्न ‘गेल्या आठवड्यात’ काय झालं याचे आहेत, आणि आम्ही जातो सुट्टी संपताना. तेव्हा अण्णा सगळ्यात बरे असतात. जेवतात, संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत चालत जातात. मग १ ला गोल, १ ला गोल, शेवटी ५ किंवा ६. डॉक्टर कागद बघतात, ‘छान चाललंय’ म्हणतात, तोच डोस पुढे चालू.

गोळीच्या चौथ्या आठवड्यात आमच्या घरी येऊन बघा. टाचा आणि चवडे पिवळट, जाड होतात, दाबलं की कळ येते. भिंतीला धरून, पावलाच्या कडेवर जोर देत ते बाथरूमपर्यंत जातात. तोंड इतकं सोललेलं असतं की टूथपेस्टसुद्धा झोंबते. जन्मभर कडक भाकरी आणि शेंगा चटणी खाल्लेला माणूस दुधात कुस्करलेली भाकरी गिळतो आणि चटणीची वाटी बाजूला सारतो. दुपारभर पडून असतात. यातलं काहीच त्या कागदावर येत नाही. डॉक्टरांनी तोंडी विचारलं तरी अण्णांचं ठरलेलं उत्तर: ‘काय त्रास नाही बघा, बरं आहे.’

आईने एकदा तोच फॉर्म तिच्या मनाने भरून बघितला, तर भलताच वाईट आला. मग खरा कुणाचा धरायचा? फॉर्म घरीच चौथ्या आठवड्यात भरून नेला तर चालेल का? आणि डोस किंवा वेळापत्रक बदलायचं ठरवताना डॉक्टर अशा आकड्यांना खरंच किंमत देतात का?

प्रतिसाद १

मी बरीच वर्षं कॅन्सर वॉर्डात नर्स आहे. ताई, तुम्ही धरलेला मुद्दा अगदी बरोबर आहे. २०१३ साली आलेल्या कॉम्पार्झ नावाच्या मोठ्या अभ्यासात सुनिटिनिब आणि किडनीच्या कॅन्सरचीच दुसरी गोळी पाझोपानिब यांची तुलना झाली. तिथे प्रश्नावल्या मुख्यतः चक्राच्या २८व्या दिवशी भरून घेतल्या, म्हणजे सुनिटिनिबवाल्यांच्या सगळ्यात वाईट काळात, आणि त्यावर टीकाही झाली. तुमच्याकडे नेमकं उलट होतंय. एकाच माणसाचं, एकाच औषधावरचं जीवनमान दिवस बदलला की वेगळं दिसतं.

म्हणून दोनदा भरा: चौथ्या आठवड्याच्या शेवटी आणि सुट्टीच्या शेवटी. वर ठळक लिहा, ‘गोळीचा २८वा दिवस’, ‘सुट्टीचा १४वा दिवस’. दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवा. हे गुण शंभरात करतात आणि साधारण १० गुणांचा फरक पेशंटला जाणवण्याइतका मानतात. घरी बेरीज करत बसू नका, काही भागांत जास्त गुण म्हणजे चांगलं आणि लक्षणांच्या भागांत जास्त म्हणजे वाईट, त्यात गोंधळ होतो.

फॉर्म अण्णांचाच खरा. घरच्यांना पेशंटची अवस्था पेशंटपेक्षा वाईट वाटते, विशेषतः मनाच्या बाबतीत. हे नेहमी दिसतं, त्यात आईंचं काही चुकलं नाही. चालणं, खाणं अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी मात्र आईंनी वेगळ्या कागदावर लिहाव्यात. हात-पाय आणि तोंड यांचे थेट प्रश्न सी३०मध्ये नाहीत. किडनीच्या कॅन्सरसाठी बनवलेली एफकेएसआय-१९ प्रश्नावली आहे, तिच्यात हाडांचं दुखणं, खोकला, लघवीतून रक्त हे येतं, पण पायांसाठी ‘उपचारांच्या दुष्परिणामांचा त्रास होतो’ एवढंच एक मोघम वाक्य. तेव्हा तळपायांचे फोटो काढाच.

आकड्यांनी फरक पडतो का, तर हो, पडू शकतो. दोन आठवडे गोळी आणि एक आठवडा सुट्टी, असंही वेळापत्रक बरेच डॉक्टर वापरतात. सहा आठवड्यांतल्या गोळ्या तेवढ्याच राहतात, पण अनेकांचा त्रास कमी होतो. डोसही कमी करता येतो. हे विचारा, पण स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. ताप, दम लागणं, रक्त पडणं यातलं काही झालं तर फॉर्मची वाट न बघता लगेच फोन करा.

प्रतिसाद २

आमच्या सासऱ्यांचंही असंच, डॉक्टरांसमोर सगळं उत्तम. त्यांना आम्ही ‘त्रास होतो का’ असं विचारायचं सोडलं. ‘आज देवळात जाऊन आलात का? किती भाकरी खाल्ली? दुपारी किती वेळ पडला होतात?’ असं विचारलं की खरं बाहेर यायचं. फॉर्म भरताना आधी या गप्पा मारा, मग आकडे विचारा. मुलगा-सून शेजारी नसताना ते जास्त मोकळं बोलायचे, हेही बघा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. चालू चक्राचा २८वा दिवस येत्या बुधवारी आहे. कोरा फॉर्म आज रुग्णालयातून मागून आणला, सिस्टरांनी लगेच दिला. अण्णांना दोन वेळा भरायचं सांगितलं तर म्हणाले, ‘डॉक्टरांना वाटेल मी रडगाणं गातोय.’ त्यांना म्हटलं, गोळी पोटात घेणारे तुम्ही, तर गोळीचा हिशेबही तुम्हीच द्यायचा. त्यावर काही बोलले नाहीत, पण चष्मा मागितला आणि पहिलं पान वाचून काढलं.

एक शेवटचं विचारते. दोन-एक वेळापत्रकावर कुणाचे नातेवाईक असतील तर पायांचा आणि तोंडाचा त्रास किती चक्रांनंतर उतरला? आणि पायांना आधीपासून काय लावत होतात? सध्या आम्ही युरिया असलेलं मलम आणि मऊ स्लिपर वापरतोय.