हाताला दुसरं काम द्या (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

ए-२०३: नमस्कार मंडळी. एक विषय मोकळेपणाने मांडते. नखं खाणं, केस उपटणं, नाकात बोट घालणं, खपल्या काढणं या सवयी मोठ्या माणसांनाही असतात, पण लाजेपायी कुणी विचारत नाही. दहा वेळा ठरवूनही हात पुन्हा तिथेच का जातो? आणि नेमकं करायचं काय? या कामातली माणसं ग्रुपवर आहेत म्हणून इथेच विचारते.

सी-५०१ (मानसोपचार): बरं झालं विचारलंत, ताई. हात तोंडाकडे जातो तेव्हा लक्ष बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं. वाचन चाललेलं असतं, फोन कानाला असतो, नाहीतर कशाची तरी वाट बघणं चालू असतं. सवय अशा प्रसंगांना चिकटलेली असते, त्यामुळे सकाळी केलेला निश्चय त्या क्षणी आठवतच नाही. त्यातून कंटाळा किंवा ताण असला की त्या चाळ्याने क्षणभर बरं वाटतं, आणि सवय पक्की व्हायला तेवढं पुरतं.

मनातून ढकलून देण्यानेही भागत नाही. १९८७ साली डॅनिएल वेग्नर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजतच राहिल्या. ‘नखं खायची नाहीत’ असं दिवसभर घोकलं की असंच होतं.

सी-५०१: उपयोगी पडते ती पद्धत नेथन अ‍ॅझ्रिन आणि ग्रेगरी नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडली. तिला सवय उलटवण्याचं प्रशिक्षण म्हणता येईल.

पहिला आठवडा काहीही थांबवायचं नाही, फक्त टिपायचं. किती वाजता, कुठे बसलेलो, त्याआधी हात काय करत होता, मन कसं होतं. चार-पाच दिवसांत सुरुवातीची खूण सापडते. नखं खाणारा माणूस आधी अंगठ्याने नखाची खरखरीत कड चाचपतो. केस उपटणारा आधी बोटांनी जाडसर, वेगळा लागणारा केस शोधतो. पकडायची ती ही खूण. हात तोंडात गेल्यावर जाग येऊन उपयोग नसतो.

दुसऱ्या आठवड्यापासून ती खूण दिसली रे दिसली की हाताला उलट काम द्यायचं. मूठ सैलसर मिटा, हात मांडीवर किंवा अंगालगत ठेवा, एक ते तीन मिनिटं तसाच राहू द्या. लहर ओसरली नसेल तर पुन्हा एकदा. हे काम निवडताना तीन गोष्टी बघा: ते करताना मूळ सवय करता येऊ नये, चारचौघांत कुणाच्या नजरेत येऊ नये, आणि त्यासाठी कुठली वस्तू लागू नये. रबरी चेंडू चांगला असतो, पण हवा तेव्हा तो नेमका दुसऱ्या खोलीत असतो.

डी-११०: मूठ घट्ट आवळायची का, ताई?

सी-५०१: नाही काका. आवळली की पंजा दुखतो आणि तिसऱ्या दिवशी माणूस कंटाळून सोडतो. दुसरी नेहमीची चूक अशी की मूठ दहा सेकंदांत उघडली जाते. लहर वर चढून उतरायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीला घड्याळ लावा.

बी-१०४ (दंतवैद्य): नखांबद्दल जोडतो. पुढचं चावणं बहुधा तुटक्या कडेपासून सुरू होतं, म्हणून नेलफाइल जिथे बसता तिथेच ठेवा आणि कड टोचली की लगेच घासून सपाट करा, एकाच दिशेने. नखाभोवतीच्या कातडीला रात्री तेल किंवा साधं मलम लावा. कोरडी सालं निघाली की दात तिकडे जातात.

दहाही बोटांचा संकल्प एकदम करू नका. एका बोटापासून सुरू करा. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, मुळापासून पूर्ण नवं यायला ४ ते ६ महिने लागतात. चौथ्या आठवड्यात त्या एका बोटात फरक दिसतो, आणि शेजारच्या बोटाची उमेद तिथून येते.

नखांवर लावायच्या कडू लेपात बहुधा डेनाटोनियम बेंझोएट हे अतिशय कडू रसायन असतं. लक्ष नसताना हात तोंडात गेला की तो जागं करतो, तेवढंच त्याचं काम. हात धुतल्यावर तो उतरत जातो, तेव्हा डब्यावर लिहिल्याप्रमाणे पुन्हा लावा. तो हात डोळ्याला लावू नका. नखाची कड लाल होऊन ठणकत असेल, पू दिसत असेल तर ते नखुरडं. सुईने फोडायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं.

ए-२०३: झोपेत दात खाण्याचं काय करायचं, डॉक्टर?

बी-१०४: झोपेत मुठीची युक्ती चालत नाही, ताई. तिथे दातांवर बसणारं मापाचं रक्षक कवच बनवून घ्यावं लागतं. ते दातांची झीज वाचवतं, सवय मोडत नाही, हे आधीच समजून घ्या म्हणजे निराशा होत नाही. दिवसा जबडा आवळणाऱ्यांसाठी मात्र करण्यासारखं आहे. ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटे, जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या उंचवट्यावर. दिवसा वरखालचे दात एकमेकांना लागतात ते मुख्यतः चावताना आणि गिळताना. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक रंगीत ठिपका चिकटवा, दिसला की जबडा सोडा.

ई-३०२ (कान-नाक-घसा): नाकाचं मी सांगते, कारण यात लाज सर्वांत जास्त आणि सवय सर्वांत सार्वत्रिक. चित्तरंजन आंद्राडे आणि बी. एस. श्रीहरी यांनी बंगळुरूच्या २०० शाळकरी किशोरांना विचारलं, तेव्हा जवळपास सगळ्यांनी कबूल केलं, दिवसातून साधारण ४ वेळा. या कामाला २००१ साली इग्नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीचं पारितोषिक.

नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. नखाने ओरखडा उठतो, त्यावर खपली धरते, ती टोचते म्हणून बोट पुन्हा जातं, आणि पुढची खपली आधीपेक्षा मोठी येते. हे चक्र खपलीपाशीच तोडायचं. मिठाच्या पाण्याचा तयार फवारा दिवसातून दोन-तीनदा, आणि रात्री नाकपुडीच्या आतल्या कडेला पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. खोलवर नाही, थापून नाही. नखं आखूड. नाक साफ करायची वेळ आंघोळीनंतरची, कारण तेव्हा सगळं मऊ असतं. एकेक नाकपुडी हलकेच शिंकरा.

घोळणा फुटलाच तर मान मागे टाकू नका. रक्त घशात जातं आणि उलटी होते. बसा, पुढे वाका, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून घड्याळ लावून १० मिनिटं दाबा. मध्येच सोडून बघितलं की गुठळी निघते. पुन्हा १० मिनिटं दाबूनही थांबलं नाही, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर दवाखाना गाठा.

डी-११०: बोटं मोडली की संधिवात होतो म्हणतात, ते खरं का?

ई-३०२: तसा पुरावा नाही, काका. डोनाल्ड उंगर या डॉक्टरांनी ६० वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्या हाताची नाही. संधिवात दोन्हींत आढळला नाही. २०१५ साली एमआरआयखाली बघितलं गेलं, तेव्हा सांध्याचे पृष्ठभाग सुटे होताना आतल्या द्रवात पोकळी तयार होताना दिसली. तेच बोट लगेच पुन्हा वाजत नाही ते त्यामुळे. मोडताना दुखत असेल किंवा सांधा सुजत असेल तरच दाखवा.

बी-६०३ (त्वचारोग): केस उपटणं आणि कातडी कोरणं या दोन्हींना वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नाव आहे. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत, त्या ओसीडीशी (तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येण्याच्या आजाराशी) संबंधित गटात आहेत. हे मुद्दाम सांगतो, कारण घरचे ‘मनावर घे, सुटेल’ म्हणतात आणि माणूस टोपी घालून वर्षं काढतो. टक्कल पडू लागलं, जखमा भरत नाहीत, किंवा दिवसाचा तासभर त्यातच जातो, असं असेल तर मदत घ्या. उपटलेला केस गिळला जात असेल तर थांबूच नका. केस पचत नाहीत, पोटात त्यांचा गोळा होतो आणि काही वेळा शस्त्रक्रिया करावी लागते.

तोवर घरी एवढं करा. चिमटा आणि मोठं करून दाखवणारा आरसा हाताशी ठेवू नका. न्हाणीघरातला दिवा मंद करा, आरशापासून हातभर लांब उभे राहा. खपलीवर हायड्रोकोलॉइड पट्टी लावा, ती जखम ओलसर ठेवते आणि बोटाला कड सापडू देत नाही. संध्याकाळी वाचताना अंगठा आणि तर्जनीच्या टोकाला कागदी चिकटपट्टी. केसाची पकड बसत नाही.

ए-४०४: मुलांना मात्र रागवावंच लागतं ना?

सी-५०१: नका रागवू, वहिनी. ‘हात काढ!’ म्हटलं की मूल लपून करू लागतं आणि टिपणीच बंद पडते. घरातला एकच माणूस ठरवा, एक खूण ठरवा, म्हणजे टेबलावर दोनदा टकटक, आणि मुलाने हात आपण होऊन खाली घेतला की लगेच कौतुक. डोळे मिचकावणं, खांदा उडवणं, घसा खाकरणं असं वारंवार होत असेल तर तो टिक, म्हणजे नकळत होणारी झटक्यासारखी हालचाल किंवा आवाज, असू शकतो. तो थोडा वेळ दाबता येतो, पण मुलाला त्याची किंमत मोजावी लागते. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि घरात त्यावर बोलणं कमी करा.

लोक बघतात या भीतीबद्दलही सांगते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना ओशाळवाणं चित्र असलेला टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, जवळपास निम्म्यांनी पाहिलं असेल. प्रत्यक्षात जेमतेम पावजणांच्या लक्षात आलं.

सगळंच सोडवायलाही नको. वस्तू शोधताना तिचं नाव मोठ्याने पुटपुटलं तर ती लवकर सापडते, असं २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं. स्वतःशी बोलणं, पाय हलवणं, बोटांनी ताल धरणं यांनी कुणाला इजा होत नसेल तर राहू द्या. शेजारच्याला त्रास होत असेल तर त्याला विचारा, एवढंच.

ए-२०३: मध्येच एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं का?

सी-५०१: नाही ताई. लंडनमधल्या ९६ जणांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, कुणाला २५४. एखादा दिवस सुटल्याने फारसा फरक पडला नाही. चुकलेल्या दिवसाचीही टीप ठेवा. त्या दिवशी झोप कमी होती की काम अडलं होतं, ते कळलं की पुढच्या वेळी तिथे मूठ आधीच मिटता येते.

ए-२०३: मग आज रात्रीपासून टिपायला घेते. वही की फोन?

सी-५०१: फोन हातात घेतला की माणूस भलतीकडे जातो. खिशात मावेल असा कागद, चार रकाने, आणि पेन त्यालाच अडकवलेलं.