अनुभव धागा: एफएफटीला कोणती विंडो लावता, आणि नॉइज कसा आवरता?

मंडळी, एफएफटी (सिग्नलमधल्या वारंवारता सुट्या करणारं गणित) करण्याआधी रेकॉर्डिंगच्या तुकड्याला आपण विंडो, म्हणजे वजनांचा एक आकार, लावतो; त्या विंडोंचे तक्ते सगळ्यांकडे आहेत. मुंबईतल्या तुमच्या रोजच्या कामात काय चालतं ते लिहा. माझं आधी सांगतो: अनोळखी सिग्नल आला की पहिली हान, दोन्ही टोकांना शून्यावर उतरणारी विंडो. आयताकृतीचा (म्हणजे तुकडा जसाच्या तसा घेतला तर) सर्वांत मोठा साइडलोब, म्हणजे बाजूचा उंचवटा, मुख्य शिखराच्या जेमतेम १३ डेसिबल खाली असतो, हानचा ३१, आणि पुढचेही भराभर उतरतात. मोठ्या सुराशेजारचा बारका सूर त्यामुळे लीकेजमध्ये (शेजारच्या वारंवारतांत सांडलेल्या ऊर्जेत) बुडत नाही.

पंपकाका, अंधेरी
सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांचं कंपन सेन्सर लावून बघतो. दोन पोलची मोटर, समजा २९०० आरपीएम. म्हणजे फिरण्याची वारंवारता ४८.३ हर्ट्झ, दुप्पट ९६.७. शाफ्टचं अलाइनमेंट गेलं की बहुधा हे ९६.७ वाढतं, विजेच्या बाजूची खोट १०० हर्ट्झवर दिसते. दोघांत अंतर ३.३ हर्ट्झ. रेकॉर्डिंग एकच सेकंदाचं असेल तर बिन (एफएफटीचा एक कप्पा) १ हर्ट्झचा आणि हानचं शिखर ४ बिन रुंद, म्हणजे दोन्ही डोंगर पायथ्याशी गुण्यागोविंदाने एकमेकांत मिसळलेले. सेक्रेटरींना मात्र एकच हवं असतं, "कपलिंगवाल्याला बोलावू की वायंडिंगवाल्याला?" आठ सेकंद घ्या, बिन ०.१२५ चा होतो, दोन शिखरं स्वच्छ सुटी दिसतात. विंडो बदलत बसण्यापेक्षा वेळ वाढवलेला बरा.

तरीही शंका असेल तर रेकॉर्डिंग चालू ठेवून पंप बंद करायला सांगतो. १०० चं शिखर वीज जाताक्षणी गळतं. ९६.७ चं मात्र पंप मंदावेल तसं डावीकडे सरकत जातं. स्पेक्ट्रोग्रामवर (वेळेनुसार वारंवारता दाखवणाऱ्या चित्रावर) हे इतकं स्वच्छ दिसतं की वॉचमनलाही दाखवता येतं.

भांगाची_भरती, कुलाबा
आमच्याकडे सेकंद नाहीत, दिवस आहेत. अपोलो बंदराच्या पाणीपातळीच्या नोंदी १८७८ पासूनच्या. चंद्राची मुख्य भरती १२.४२ तासांची, सूर्याची १२ तासांची. ही दोन वेगळी करायला आयताकृती विंडोने किमान १४.८ दिवस लागतात, म्हणजे एका उधाणापासून पुढच्या उधाणापर्यंतचा काळ. हान लावलीत तर साधारण दुप्पट. सेन्सर पंधरवडाच चालला असेल तर हान लावणं म्हणजे हातचा डेटा फेकणं. शिवाय भरतीच्या वारंवारता आधीच माहीत असतात, म्हणून मी बहुतेकदा एफएफटी न करता लीस्ट स्क्वेअर्सने (चूक कमीत कमी राहील अशा जुळणीने) थेट त्यांचीच उंची काढतो.

फ्लॅटटॉप, विक्रोळी
कॅलिब्रेशनवाला आहे, मला फक्त उंची बरोबर हवी. सूर दोन बिनांच्या मधोमध पडला तर आयताकृती ३.९ डेसिबल कमी दाखवते, हान १.४. फ्लॅट टॉप, म्हणजे सपाट माथ्याच्या शिखराच्या विंडोमध्ये ही चूक नगण्य. मोबदल्यात तिची नॉइज बँडविड्थ (किती रुंदीतला नॉइज एका बिनमध्ये शिरतो ती) जवळपास ३.८ बिन, हानची १.५, त्यामुळे नॉइजचा तळ वर आलेला दिसतो. बारका सूर शोधायला ती घेऊ नका.

हातोडी
ठोका मारून रेझोनन्स (वस्तूची नैसर्गिक वारंवारता) बघता? मग विंडो नको. सिग्नल रेकॉर्डिंगच्या आतच सुरू होऊन विझत असेल तर आयताकृतीच. हान सुरुवातीचा ठोकाच चेपून टाकते.

लॅमिंग्टन_रोड_वारकरी
नॉइजवर बोलू. विंडो लीकेज आवरते, नॉइज नाही. वेल्च यांच्या १९६७ च्या पद्धतीने तुकडे पाडून, अर्धे एकावर एक घेऊन पॉवरची सरासरी काढली की तळाची थरथर कमी होते, तळ तिथेच राहतो. तळ खरोखर खाली न्यायचा तर ट्रिगर लावून मूळ सिग्नलचीच सरासरी घ्या: १०० वेळा घेतली तर यादृच्छिक नॉइज २० डेसिबल खाली. पण सिग्नल दर वेळी त्याच जागी सुरू व्हायला हवा. ५०, १०० आणि १५० हर्ट्झच्या काड्या दिसल्या तर कोडला हात लावण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. अर्थिंगच्या भानगडी सॉफ्टवेअरने सुटत नाहीत. आणि सॅम्पलिंगच्या आधी अँटी-अलायझिंग फिल्टर (सॅम्पलिंग दराच्या निम्म्याहून वरच्या वारंवारता अडवणारा) नसेल तर वरचा कचरा खाली येऊन बसतो, त्याला मग कोणतीच विंडो हलवू शकत नाही.

ठाणेकर_मावशी
पंपकाका, सेन्सर चुंबकानेच लावता ना? की मेण?

पंपकाका, अंधेरी
चुंबकच, मावशी. सपाट जागा बघून, रंगाचे पोपडे खरवडून. शंभर-दोनशे हर्ट्झला पुरतं. बेअरिंगचा किलोहर्ट्झमधला आवाज हवा असेल तर स्टड, म्हणजे स्क्रूने पक्का बसवणं.